फेराइटची भाजणी: भट्टी, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रॉन

मोबाइलचा चार्जर, संगणकाचा वीजपुरवठा, जुन्या रेडिओतली अँटेनाची काळी कांडी, या सगळ्यांत फेराइट असते. आयर्न ऑक्साइडमध्ये निकेल, मँगनीज, झिंक किंवा लिथियमचे ऑक्साइड मिसळून हे चुंबकीय सिरॅमिक तयार होते. त्याचा विद्युत रोध लोखंडाच्या लक्षावधी पट असल्याने उच्च वारंवारतेलाही त्यात भोवरी प्रवाह फारसे वाहत नाहीत आणि त्याचा बनवलेला कॉइलचा गाभा कमी तापतो. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी 1930 मध्ये फेराइट विकसित केले. त्याच्या उत्पादनासाठी 1935 मध्ये टीडीके ही कंपनी निघाली.

नेहमीच्या पद्धतीत ऑक्साइडांची पूड बॉल मिलमध्ये दळून सुमारे 900 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजतात. या पहिल्या भाजणीत फेराइटची स्पिनेल नावाची स्फटिकरचना बनू लागते. पूड पुन्हा दळून, बंधक मिसळून साच्यात दाबतात आणि 1200 ते 1350 अंशांवर काही तास सिंटर करतात. या तापमानाला वस्तू वितळत नाही. अणू एका कणातून दुसऱ्यात सरकतात, मधली छिद्रे बुजतात आणि तुकडा आकसतो. भाजणी कमी पडली तर छिद्रे राहतात. जास्त झाली तर कण बेसुमार वाढतात आणि झिंक उडून जाते. मँगनीज-झिंक फेराइटला तर भट्टीतल्या ऑक्सिजनचे प्रमाणही काटेकोर सांभाळावे लागते.

पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून कार्यरत आहे. येथील संशोधकांनी 2002 मध्ये मायक्रोवेव्ह-हायड्रोथर्मल मार्गाने मॅग्नेटाइटचे, म्हणजे सर्वांत साध्या फेराइटचे, मायक्रॉनहून लहान गोलाकार कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. या मार्गात बंद पात्रातले पाण्यातले द्रावण मायक्रोवेव्हने तापते आणि फेराइट थेट त्यातूनच बाहेर पडते. मोठ्या भट्टीतली पहिली भाजणी टळते, कणही बारीक राहतात.

दाबलेला तुकडा सिंटर करण्यासाठीही मायक्रोवेव्ह वापरतात. साधारणपणे घरगुती ओव्हनचीच 2.45 गिगाहर्ट्‌झ वारंवारता असते. भट्टीत उष्णता पृष्ठभागाकडून आत जाते. इथे ती पदार्थाच्या पोटातच निर्माण होते, त्यामुळे तासांचे काम मिनिटांत होऊ शकते. मात्र एखादी जागा जास्त तापली की तुकडा तडकतो.

तिसरा मार्ग इलेक्ट्रॉन झोताचा. रशियात तोम्स्क आणि नोवोसिबिर्स्क येथील संशोधकांनी काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या झोताने लिथियम फेराइट भाजून पाहिले आहे. झोत वस्तूला हजार अंशांच्या आसपास तापवतो आणि अणूंचे सरकणेही वेगाने होते. पण असा झोत फेराइटमध्ये काही मिलिमीटरच शिरतो, शिवाय प्रवेगक आणि त्याभोवतीच्या संरक्षक भिंती महाग असतात. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण यापेक्षा वेगळे. ते फेराइट भाजत नाहीत, त्याच्या जाळीत दोष निर्माण करून चुंबकीय गुण बदलतात. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन या प्रवेगकाचा इलेक्ट्रॉन झोतही भाजणीसाठी नसून पदार्थांवर होणारे किरणांचे परिणाम अभ्यासण्यासाठी वापरला गेला आहे.

कारखान्यात मोठ्या संख्येने गाभे बनवायचे तर आजही विजेची किंवा गॅसची भट्टीच परवडते. मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रॉन झोत यांचा उपयोग आहे तो बारीक कणांच्या, कमी वेळात भाजायच्या खास फेराइटांसाठी.