पत्त्यांवरचे देव आणि आपलं नशीब

मंडळी, आमच्या शिरूर-दौंडच्या बाजारात पोपटाकडून चिठ्ठी काढून घेणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. आता टॅरोचे पत्ते आले. त्यांवरचे ग्रीक-रोमन वीर पाहून लोक मला विचारतात, ‘‘हे प्राचीन शास्त्र आहे का हो?’’

मी सांगतो, नाही. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला पत्त्यांचा खेळ. १४९१च्या सुमाराच्या ‘सोला बुस्का’ संचात ७८ पत्ते. त्यांवर नीरो आहे, अलेक्झांडर आहे. भविष्याची टूम फोफावली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. हे पत्ते म्हणजे इजिप्तचं गूढ ज्ञान, असं कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये छापलं. पुरावा काहीच नव्हता.

आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफाही पाहा. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पत्त्यांवर साक्षात देव, तरी तो खेळच.

तेव्हा चित्रं डोळे भरून पाहा, डावही मांडा. पण मुलीचं स्थळ ठरवायचं असेल तर मुलीला विचारा आणि जमीन विकायची असेल तर सातबारा पाहा. पत्त्याला त्यातलं काही कळत नाही.