भाडेकरूच्या टीव्हीवर ऑलिंपिक

७ ऑगस्ट २०२१ ची संध्याकाळ आठवते? तेव्हा तुम्ही शाळेत असाल, नाहीतर ऑनलाइन क्लासच्या नावाखाली मोबाइलवर. नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर जाऊन पडला आणि बोरगाव मेघेत आमच्या गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. त्याच वेळी, आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा टोकियोत, म्हणजे भाला पडला त्याच शहरात, चक्क बेसबॉल बघत बसला होता.

दादा तिकडे आयटीत आहे. निशी-कासाई भागात राहतो. तिथे इतके भारतीय आहेत की लोक त्याला ‘लिटल इंडिया’ म्हणतात. हा भाग टोकियोच्या एडोगावा वॉर्डात येतो. २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून गेला होता, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तर त्या रात्री शेजारच्या योकोहामात जपान विरुद्ध अमेरिका अशी बेसबॉलची फायनल चालू होती आणि जपानने ती २-० ने मारली. दादाच्या टीव्हीवर तेच. नीरजचं सोनं त्याला काकूंच्या फोनवरून कळलं. वर्ध्याहून टोकियोला, टोकियोची बातमी!

भारतातलं ॲप का नाही लावलं? मीही हेच विचारलं. तर ते तिकडे चालत नाही. ऑलिंपिक दाखवायचे हक्क प्रत्येक देशासाठी वेगळे विकले जातात. भारतापुरते ते तेव्हा सोनीकडे होते. जपानमध्ये राहता ना, मग जपानी चॅनेल दाखवतील ते बघा. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचीही हीच तऱ्हा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला तिथल्या एनबीसी चॅनेलने उद्घाटन सोहळा आणि कित्येक मोठ्या फायनल्स तासन् तास उशिरा, रात्रीच्या प्राइम टाइमला दाखवल्या. लोक इतके भडकले की चॅनेलच्या नावाने हॅशटॅग फिरला.

दादाला आधी राग आला होता. मग त्याने मलाच उलट विचारलं, ‘तुमच्याकडे त्या दिवशी बेसबॉलची फायनल कोणी पाहिली का?’ काय सांगणार! कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आईबाबा बघा, मोबाइल वर धरून फक्त आपल्याच लेकराचा डान्स शूट करतात. बाकीचे एकवीस जण फ्रेमच्या बाहेर. ऑलिंपिकचं कव्हरेज जगभर थोडंफार असंच असतं.

पण मला वेगळंच इंटरेस्टिंग वाटलं. बोरगावात खोली करून राहणारी बाहेरगावची पोरं असतात ना, त्यांना विचारा. पाहुण्याला घरमालकाची बैठक दिसते, पोहे मिळतात. भाडेकरूला पाण्याची मोटर कधी बंद पडते तेही ठाऊक असतं. परदेशात राहणारा माणूस यजमान देशाचा भाडेकरूच असतो. शिवाय त्याच्याकडे दोन टीव्ही असतात, एक तिथला आणि एक गावाकडून फोनवर येणारा.

त्या दोन टीव्हींवर दोन टोकियो दिसत होते. इकडून नातेवाईक विचारत होते, तिकीट काढलं का, स्टेडियममधून सेल्फी पाठव. तिकडे कोरोनाची आणीबाणी लागलेली आणि टोकियोतल्या मैदानांत प्रेक्षकांना बंदी. कनू स्लॅलमचं मैदान दादाच्याच वॉर्डात, कासाई रिंकाई पार्कला लागून. पण आत शिरता येत नव्हतं. आणि २६ मे २०२१ ला, स्पर्धेला दोन महिने उरलेले असताना, ‘असाही शिंबुन’ या बड्या दैनिकाने अग्रलेखात पंतप्रधानांना सांगितलं की या उन्हाळ्यातलं ऑलिंपिक रद्द करा. हे दैनिक स्वतः त्या ऑलिंपिकचं अधिकृत पार्टनर होतं! पत्रकारिता शिकणारी म्हणून सांगते, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. ज्या कार्यक्रमात आपलाच पैसा आहे, तो बंद करा म्हणायचं. मग स्पर्धा सुरू झाल्यावर जपानने २७ सुवर्णपदकं घेतली आणि मूडच बदलला, तीही गंमत दादाने पाहिली.

बाहेरून आलेल्या पत्रकारांचं काय? नियम असे कडक की खायला आणायला बाहेर पडायचं तर १५ मिनिटांत परत. त्यामुळे कित्येकांनी चोवीस तास उघड्या दुकानांतल्या अंड्याच्या सँडविचवरच भरभरून लिहिलं. दादा म्हणतो, सँडविच भारी आहे यात वाद नाही, पण जपान म्हणजे तेवढंच नाही ना.

पाहुण्यांना फक्त बैठक दाखवायची रीत जुनी आहे. १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला बर्लिन ऑलिंपिकला गेला होता. त्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून नाझी सरकारने ज्यूविरोधी पाट्या तेवढ्यापुरत्या उतरवून ठेवल्या होत्या. शहरात राहणाऱ्यांना मात्र कालपर्यंत पाटी कुठे होती ते माहीत होतं.

आता आपली पाळी. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने हात वर केलाय. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी क्रीडाग्रामातल्या घाण बाथरूमचे फोटो जगभर फिरले आणि नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. परदेशी मीडिया आपली बदनामी करतोय, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. आयोजन समितीचे एक पदाधिकारी तर म्हणाले की स्वच्छतेची त्यांची आणि आपली कल्पनाच वेगळी! वास्तविक घोटाळ्याच्या बातम्या त्याआधीपासून आपलेच पेपर छापत होते.

आपल्याकडचे भाडेकरू शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. वर्ध्याच्या टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथे परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. आपण त्यांच्यासोबत सेल्फी काढतो, ‘नमस्ते’ म्हणायला लावतो आणि हसतो. पण ही मंडळी आपले मथळे भाषांतराशिवाय वाचतात. रात्री नऊची टीव्हीवरची आरडाओरडही त्यांना कळते. दिल्ली २०१० च्या वेळी ‘त्यांना इथलं काय समजतं’ असं म्हणता आलं, यांच्याबाबत ती सोय नाही.

मी वही घेऊन टेकडीवर जायचं ठरवलंय. एकच प्रश्न विचारणार आहे, तुमच्या देशाच्या खेळाडूचं पदक इथे असताना तुम्हाला कुठून कळलं? तोपर्यंत तुमचं कुणी टोकियो, पॅरिस, लॉस एंजेलिसला असेल तर त्यांना फोन लावा. वेळेचा फरक बघून लावा म्हणजे झालं. दादाला मी पहाटे तीनला उठवलं होतं.