अचानक आलेला पैसा आणि क्रेडिट कार्डाचं देणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीचा बोनस, पालिकेचं सानुग्रह अनुदान, वेतनवाढीची थकबाकी, मुदत संपलेली विमा पॉलिसी, भूसंपादनाचा मोबदला. असा एकरकमी पैसा घरात आला की प्रत्येकाचे बेत सुरू होतात. कुणाला दुचाकी हवी असते, कुणाला सोनं, कुणाला गावाकडच्या घराला स्लॅब. या यादीत क्रेडिट कार्डाचं बिल सहसा नसतंच, कारण ते देणं घरात कुणाला सांगितलेलं नसतं. त्या संकोचात महिने जातात आणि व्याज चढत राहतं. म्हणूनच हा पैसा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : दरमहा 'मिनिमम ड्यू' भरतोय, म्हणजे कर्ज फिटतंय.

वस्तुस्थिती : किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळतं, व्याज टळत नाही. कार्डाचा व्याजदर बहुधा महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतो आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा, १ लाख रुपये थकले आहेत आणि दर ३.५ टक्के आहे. एका महिन्याचं व्याज झालं ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३० रुपये, एकूण ४,१३० रुपये. अनेक कार्डांवर किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के, म्हणजे इथे ५,००० रुपये असते. ती भरल्यावर मूळ कर्ज कमी होतं फक्त ८७० रुपयांनी, तेही कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही तर. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षं लांबते, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने २०२२च्या निर्देशांत बंधनकारक केलं आहे. बिलाच्या गर्दीत तो वाचला जात नाही, एवढंच.

गैरसमज : आलेला पैसा कर्जात घालण्यापेक्षा गुंतवला तर वाढेल.

वस्तुस्थिती : १ लाखाची मुदत ठेव ७ टक्क्यांनी वर्षाला ७,००० रुपये देईल आणि त्या व्याजावर करही लागू शकतो. वरच्या उदाहरणातलं १ लाखाचं देणं दोन महिन्यांतच ८,२६० रुपये खातं. म्हणजे ठेवीची वर्षभराची कमाई दोन महिन्यांच्या व्याजालाही पुरत नाही. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांचा परतावा अनिश्चित असतो, कार्डाचं व्याज मात्र ठरलेलं असतं. वर्षाला सुमारे ५० टक्क्यांचा खर्च वाचवणं ही अशा घराला मिळू शकणारी सर्वांत चांगली आणि बिनजोखमीची गुंतवणूक आहे. बचतीची सवय मोडू नये म्हणून ठेव तशीच ठेवणाऱ्यांची भावना समजते, पण ती ठेव दर महिन्याला तोट्यात जात असते.

गैरसमज : अर्धी थकबाकी फेडली तरी पुरेसं आहे, बाकीचं हळूहळू बघू.

वस्तुस्थिती : कार्डावर खरेदीसाठी साधारण २० ते ५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते, ती मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. थोडी जरी बाकी पुढे गेली, तरी ही सवलत संपते. मग महिन्याचा किराणा, पेट्रोल, मुलांची वह्या-पुस्तकं या प्रत्येक नव्या खरेदीवर त्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. म्हणून हातात पुरेसे पैसे असतील तर थकबाकी शून्यावर आणा. कार्डं एकाहून अधिक असतील आणि पैसे कमी पडत असतील, तर सर्वांत जास्त दराचं कार्ड आधी फेडा आणि तोवर एकाही कार्डावर नवी खरेदी करू नका.

गैरसमज : बिलावरची पूर्ण रक्कम भरली, म्हणजे हिशेब संपला.

वस्तुस्थिती : व्याज रोजच्या रोज मोजलं जातं. बिल तयार झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. सगळं फेडलं असं समजून अनेकजण ते बिल उघडतही नाहीत. मग काहीशे रुपयांच्या बाकीवर विलंब शुल्क लागतं आणि पतनोंद बिघडते. पूर्ण रक्कम भरण्याआधी बँकेकडून त्या दिवशीची नेमकी थकबाकी विचारून घ्या आणि पुढची दोन बिलं शून्य असल्याची खात्री करा. खरेदी ईएमआयमध्ये बदलून घेतली असेल, तर मुदतीआधी बंद करण्याचं शुल्कही आधी विचारा.

गैरसमज : बँकेशी 'सेटलमेंट' केली की पैसे वाचतात.

वस्तुस्थिती : देय रकमेपेक्षा कमी घेऊन बँक खातं मिटवते, तेव्हा सिबिलसारख्या संस्थांच्या अहवालात ते 'सेटल्ड' असं नोंदवलं जातं, पूर्ण फेडलेलं म्हणून नाही. पुढे गृहकर्ज मागताना ही नोंद आड येते. पूर्ण पैसे हातात असताना हा मार्ग घेऊ नका. पैसे खरोखरच अपुरे असतील, तर एक रुपया देण्याआधी बँकेचं लेखी पत्र मिळवा.

गैरसमज : एवढं जबर व्याज लावणं बेकायदेशीर आहे, न्यायालयात ते टिकणार नाही.

वस्तुस्थिती : २००८मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. त्या जुन्या निकालावर भिस्त ठेवून देणं अंगावर वाढवू नका.

गैरसमज : कर्ज फेडताच कार्ड बंद केलं की पत सुधारते.

वस्तुस्थिती : पत सुधारते ती थकबाकी शून्यावर आल्याने. कार्ड बंद केल्यावर एकूण मर्यादा कमी होते, त्यामुळे उरलेल्या कार्डांवरचा वापर तुलनेने जास्त दिसतो. स्वतःवर ताबा राहील असं वाटत असेल तर जुनं, वार्षिक शुल्क नसलेलं कार्ड ठेवा. तो भरवसा नसेल तर बेधडक बंद करा, कारण स्कोअरमधले काही गुण पुन्हा कर्जात जाण्यापेक्षा स्वस्त पडतात. थकबाकी नसताना बंद करण्याचा अर्ज आल्यावर बँकेने सात कामकाजी दिवसांत तो पूर्ण करायला हवा. तसं न झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला देणं बँकेवर बंधनकारक आहे.

गैरसमज : शेवटचा रुपयाही कर्जात घालावा.

वस्तुस्थिती : हाती काहीच उरलं नाही, तर पुढच्या आजारपणात पुन्हा कार्डच पुढे येतं. आधी त्या पैशावरचा कर बाजूला काढा. बोनस आणि पगाराची थकबाकी करपात्र असते, लॉटरीच्या बक्षिसावर तर ३० टक्के दराने कर असतो. त्यानंतर निदान महिनाभराच्या घरखर्चाइतकी रक्कम बचत खात्यात राहू द्या आणि बाकी सगळी कार्डाच्या देण्याकडे वळवा. देणं संपल्यावर दरमहा कार्डाला जाणारे पैसे याच खात्यात साठवत न्या.

दुचाकी किंवा स्लॅब पुढच्या वर्षी होऊ शकतो, पण कार्डाचं देणं वर्षभर थांबलं तर दीडपट होतं. म्हणून पैसे आले की आधी घरातल्यांसोबत बसून बिल समोर ठेवा, खरा आकडा सांगा. आकडा माहीत असलेलं घर एकत्र निर्णय घेतं आणि पुढची उधळण थांबवण्यात साथही देतं. देणं फिटल्याच्या दिवशीच बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-पे लावा आणि त्यात किमान रकमेऐवजी पूर्ण बिलाचा पर्याय निवडा.