गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर शासन

जानेवारी 2014 या एकाच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन देवस्थानांबाबत दोन निकाल दिले. तामिळनाडूतील चिदंबरमच्या नटराज मंदिरावर राज्य सरकारने नेमलेला कार्यकारी अधिकारी न्यायालयाने हटविला आणि मंदिराचा कारभार पोदू दीक्षितांकडे परत सोपविला. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरावरील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क मात्र कायमचे संपुष्टात आले आणि शासननियुक्त समितीचा मार्ग मोकळा झाला. एका ठिकाणी शासनाला मंदिराबाहेर काढले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा मंदिरातील प्रवेश शिक्कामोर्तब झाला. वरकरणी हे निकाल परस्परविरोधी भासतात. तथापि, धर्म आणि शासन यांच्या भारतीय नात्याची गुंतागुंत समजून घ्यायची, तर या दोन निकालांइतकी बोलकी उदाहरणे क्वचितच सापडतील.

भारतीय राज्यघटनेने धर्म आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये अभेद्य भिंत उभारलेली नाही. अनुच्छेद 25 धर्मस्वातंत्र्य देतो. पण धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, राजकीय व अन्य ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा त्याच अनुच्छेदात शासनाला आहे. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवालये सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही तेथेच नमूद आहे. अनुच्छेद 26 धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा हक्क देतो, मात्र मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच झाला पाहिजे, अशी अट घालतो. अनुच्छेद 27 नुसार विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर लादता येत नाही. आणि तरीही अनुच्छेद 290-अ अन्वये केरळच्या संचित निधीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी साडेसेहेचाळीस लाख रुपये द्यावे लागतात. संस्थानी राजवटीने देवळांच्या जमिनी सरकारजमा केल्या, त्याच्या भरपाईचा हा वारसा आहे.

कंपनी सरकारपासून

देवळांच्या कारभारात सरकारने लक्ष घालणे ही स्वातंत्र्योत्तर काळाची निर्मिती नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीने 1810 मध्ये बंगालमध्ये आणि 1817 मध्ये मद्रास इलाख्यात नियम करून देवस्थानांच्या उत्पन्नावर देखरेख सुरू केली. ख्रिस्ती सरकारने ‘मूर्तिपूजेचे व्यवस्थापन’ करावे, यावर इंग्लंडमधील मिशनऱ्यांनी काहूर माजविले. अखेरीस 1863 च्या कायद्याने सरकारने अंग काढून घेतले. त्यानंतरच्या अर्धशतकात अनेक देवस्थाने मूठभर विश्वस्तांच्या आणि पुजाऱ्यांच्या हाती गेल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यातूनच मद्रासमध्ये जस्टिस पक्षाच्या सरकारने 1925 मध्ये धर्मादाय कायदा संमत करून सरकारी मंडळ स्थापन केले.

त्याच 1925 सालात पंजाबात वेगळी वाट निवडली गेली. महंतांच्या ताब्यातील गुरुद्वारे मुक्त करण्यासाठी अकालींनी केलेल्या प्रदीर्घ आंदोलनानंतर शीख गुरुद्वारा कायदा आला आणि कारभार निवडून आलेल्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीकडे गेला. मद्रासने उत्तरदायित्व सरकारकडे दिले, पंजाबने ते मतपेटीकडे दिले. मात्र मतपेटीही निर्दोष ठरली नाही. 2011 च्या निवडणुकीनंतर दहा वर्षांहून अधिक काळ समितीची पुढची निवडणूक झाली नाही, आणि समितीवरील वर्चस्व हे पंजाबच्या राजकारणातील सत्तेचे साधन बनले, ते बनलेच.

मराठी मुलखाचा अनुभव

मुंबई राज्याने 1950 मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला. देऊळ, दर्गा, चर्च, अग्यारी अशा सर्वांना एकच नोंदणी व एकच धर्मादाय आयुक्त, हे त्याचे वैशिष्ट्य. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द केली. परंतु कायद्याचा गाभा टिकला. त्याच वर्षीच्या शिरूर मठ खटल्यात धर्माच्या ‘अत्यावश्यक’ बाबींत शासनाने हात घालू नये, असे सूत्र मांडले गेले. कोणती बाब अत्यावश्यक, हे मात्र तेव्हापासून न्यायाधीशांनाच ठरवावे लागत आहे.

पंढरपूरचे प्रकरण या चौकटीत पाहावे लागते. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण आरंभल्यावर विठ्ठलमंदिर दलितांना खुले झाले. पुढे मंदिराच्या कारभाराची चौकशी झाली आणि 1973 मध्ये वंशपरंपरागत हक्क नष्ट करणारा कायदा झाला. तो न्यायालयीन कज्ज्यांतून पार पडण्यास चार दशके लागली. 2014 च्या निकालानंतर समितीने पुजाऱ्यांच्या नेमणुकीसाठी सर्व जातींतील इच्छुकांकडून, स्त्रियांकडूनही अर्ज मागविले. शासनाच्या हस्तक्षेपाविना हे घडले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी 2004 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मात्र विश्वस्त मंडळावर सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील माणसांची वर्णी लागते, ही तक्रार सरकारे बदलली तरी कायम राहिली. सप्टेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील मंडळच बरखास्त केले. सुधारणेसाठी उघडलेल्या दारातून राजकारण आत शिरते, ते असे. तुळजापूरसारख्या ठिकाणी विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. महसूल, कायदा-सुव्यवस्था आणि देवीचा खजिना या तिन्ही जबाबदाऱ्या एकाच खांद्यावर येतात. बदली झाली की देवस्थानाचा कारभारीही बदलतो. आषाढीची शासकीय महापूजा हा तर श्रद्धेचा आणि सत्तेचा संगमच. 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पंढरपूरला न जाण्याचा निर्णय घ्यावा लागला, तेव्हा या संगमाची राजकीय किंमतही दिसून आली.

समान कसोटीची गरज

देवळे सरकारच्या ताब्यात आणि अन्य धर्मीयांची स्थळे मोकळी, असा आक्षेप अलीकडे जोराने मांडला जातो. त्यात तथ्यांश आहे. पण चित्र तितके सोपे नाही. वक्फ मंडळे ही कायद्यानेच निर्माण झालेली आहेत. 2025 च्या दुरुस्तीने त्यांवर मुस्लिमेतर सदस्यांची तरतूद केली. सप्टेंबर 2025 मधील अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या केंद्रीय परिषदेत 22 पैकी चार व राज्य मंडळांत 11 पैकी तीन यापुढे जाऊ नये, असे सांगितले आणि मालमत्तेचा हक्क सरकारी अधिकाऱ्याने ठरविण्याच्या तरतुदीला स्थगिती दिली. हज यात्रेचे अनुदान न्यायालयाच्या 2012 च्या आदेशानंतर 2018 मध्ये बंद झाले. उत्तराखंडने चारधामसाठी 2019 च्या कायद्याने देवस्थानम मंडळ स्थापन केले आणि पुरोहितांच्या विरोधानंतर 2021 मध्ये तो कायदा मागे घेतला. धोरण कुठेच एका सूत्रात बांधलेले नाही.

ते सूत्र चिदंबरमच्या निकालात दडलेले आहे. गैरकारभार असेल तर शासनाने हस्तक्षेप करावा, पण दोष दूर होताच बाजूला व्हावे. अनिश्चित काळ ठाण मांडणे घटनेला मान्य नाही, असे त्या निकालाचे सार आहे. पंढरपूरचा धडा याला पूरक आहे. जेथे जन्मसिद्ध मक्तेदारी भाविकांच्या समतेआड येते, तेथे शासनाला उंबरठा ओलांडावाच लागतो. जातिभेद मोडणे हे शासनाचे कर्तव्य आहे, दानपेटी सांभाळणे हे नव्हे. हस्तक्षेपाला मुदत, हिशेबाला जाहीर लेखापरीक्षण, विश्वस्त मंडळावर पक्ष-कार्यकर्त्यांऐवजी भाविकांचे प्रतिनिधित्व आणि हीच कसोटी सर्व धर्मांच्या संस्थांना, एवढे पथ्य पाळले गेले, तरच मक्तेदारी केवळ बडव्यांकडून सत्ताधारी पक्षाकडे गेली, असे म्हणण्याची पाळी येणार नाही. हे पथ्य पाळण्याची इच्छा आजवर कोणत्याही पक्षाने सत्तेत असताना दाखविलेली नाही, आणि खरी अडचण राज्यघटनेत नसून तेथेच आहे.