कुंचल्याने दिलेले अभयदान

समवसरणाच्या चित्रांत सिंह आणि गाय वैर विसरून एकत्र पाणी पिताना दिसतात. याच्या अगदी उलट दृश्य डेव्हिड शेफर्ड या इंग्रज चित्रकाराने 1960 साली पूर्व आफ्रिकेत पाहिले. चोरट्या शिकाऱ्यांनी पाणवठ्यात विष कालवले होते आणि त्याभोवती 255 झेब्रे मृत्युमुखी पडले होते.

शेफर्ड तोवर विमानांची चित्रे काढून उपजीविका करीत असत. ब्रिटिश हवाई दलाने त्यांना केनियात नेले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी विमानांऐवजी वन्य प्राण्यांची चित्रे मागितली. त्यांनी प्रथम गेंडा रंगवला. त्यामुळे त्यांच्या व्यवसायाला नवी दिशा लाभली. जीवनाला दिशा दिली ती मात्र त्या विषारी पाणवठ्याने.

पुढे त्यांच्या हत्ती-वाघांच्या चित्रांना मोठी मागणी येऊ लागली. ज्या जीवांच्या रूपावर आपली मिळकत उभी आहे, त्यांचे ऋण फेडणे हे आपले कर्तव्यच होय, अशी त्यांची धारणा होती. चित्रांच्या विक्रीतून त्यांनी झांबियाला शिकारविरोधी कामासाठी हेलिकॉप्टर मिळवून दिले. 1973 साली भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी त्यांच्या ‘टायगर फायर’ या चित्राने 1 लाख 27 हजार पौंड उभे केले. या प्रकल्पातील पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटचाही समावेश होता. 1984 साली त्यांनी वन्यजीव रक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. 2017 साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे कार्य पुढे चालू राहिले.

हत्ती हे भगवान अजितनाथांचे लांछन, गेंडा श्रेयांसनाथांचे आणि सिंह महावीरस्वामींचे. मूर्तीच्या पीठावर कोरलेल्या या आकृती आपल्या घरातील मुलेही ओळखतात. परंतु त्या आकृतींमागचे जिवंत प्राणी आज संकटात आहेत, याची जाणीव किती जणांना असते?

मिळकतीतून जीवदयेसाठी वाटा काढण्याची रीत व्यापारी घराण्यांना नवी नाही. त्या वाट्यातून पांजरपोळांतील मुक्या जनावरांना चारा-पाणी मिळते. वनातील जीव मात्र पांजरपोळाच्या दारी येत नाहीत. त्यांचे अधिवास राखणे आणि रात्रंदिवस गस्त घालणाऱ्या वनरक्षकांच्या पाठीशी उभे राहणे, हेच त्यांच्यासाठी अभयदान होय. शेफर्ड यांनी आपल्या कुंचल्याची कमाई त्यासाठी वेचली. आपल्या धर्मादाय खात्यातही वनातील जीवांच्या नावे एक वाटा असावा.