बाजारतळावरची जागा आणि कायदा

आठवडे बाजार भरात आला की ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरू लागतो. पाल ठोकून बसलेला कापडवाला असो की बारदानावर मिरच्यांचा ढीग मांडून बसलेली बाई, प्रत्येकाकडून तो बाजारफी घेतो आणि बोटभर कागद हातात ठेवतो. संध्याकाळी बाजार उठतो तेव्हा हे कागद भाजीच्या पाल्यासोबत तळावरच पडलेले दिसतात. ते टाकू नयेत. पावतीने जागेवर हक्क लागत नाही, हे खरे. पण आपण या बाजारात वर्षानुवर्षे बसतो, हे दाखवायला विक्रेत्याजवळ बहुधा दुसरे काहीच नसते.

मग हक्क येतो कुठून? रस्त्यावर माल विकणे हा घटनेच्या अनुच्छेद १९ मधल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील आणि अमुकच जागा कायमची माझी असे कोणाला म्हणता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. २०१० मध्ये गैंदा राम प्रकरणात न्यायालयाने सरकारला कायदा करायला सांगितले आणि १ मे २०१४ पासून पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा लागू झाला.

या कायद्याचा सगळा डोलारा सर्वेक्षणावर उभा आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा नगर पथविक्रेता समितीने हद्दीतल्या सगळ्या विक्रेत्यांची नोंद करायची, नोंद झालेल्यांना विक्रय प्रमाणपत्र द्यायचे, आणि हे काम पुरे होईपर्यंत कोणालाही उठवायचे नाही किंवा दुसरीकडे हलवायचे नाही. नोंद झालेल्या सगळ्यांना सामावून घ्यायचे, पण लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे चाळीस हजार वस्तीच्या गावात एक हजार जण.

आठवडे बाजारवाल्याची खरी अडचण इथेच सुरू होते. कायद्याच्या डोळ्यांसमोर रोज एकाच कोपऱ्यावर उभा राहणारा वडापाववाला आहे. बांगड्यांची पेटी घेऊन सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी जाणारी बाई त्याला सहज दिसत नाही. बाजार गुरुवारी भरतो आणि मोजणी करणारे मंगळवारी आले, तर त्यांना मोकळे मैदान दिसणार आणि तशीच नोंद होणार. म्हणून मोजणी बाजाराच्याच दिवशी व्हावी, अशी मागणी आधीच लेखी द्यावी आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. जुन्या पावत्या कामाला येतात त्या या वेळी.

बाजाराला एकूण बाजार म्हणून मिळणारे संरक्षण मात्र चांगले भक्कम आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. विकणारे आणि घेणारे जिथे परंपरेने जमतात त्या जागेला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो. सर्वेक्षणात तशी नोंद झाली की ती जागा ना-फेरीवाला क्षेत्र जाहीर करता येत नाही. गर्दी होते हे कारण चालत नाही. घाण होते हे कारणही तेव्हाच चालते, जेव्हा ती केवळ विक्रेत्यांमुळे होते आणि पालिकेच्या साफसफाईने दूर होण्याजोगी नसते. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे दुसऱ्या अनुसूचीत आहे. पन्नास वर्षे ही अट आपल्याकडच्या कितीतरी बाजारांच्या बाबतीत अगदीच किरकोळ ठरेल. पणजोबांच्या आठवणीतले बाजार अजून त्याच वारी भरतात.

तरीही उठवायचेच ठरले, तर ३० दिवसांची नोटीस हवी. ती मुदत उलटूनही जागा सोडली नाही, तरच हटवणे आणि माल जप्त करणे. जप्तीच्या वेळी मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायलाच हवी. ‘एक टेम्पो सामान’ ही यादी नव्हे. ठरलेले शुल्क भरून मागणी केली की स्टीलची भांडी, कापड असा टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळतो. टोमॅटो, मासळी यांसारखा नाशवंत माल त्याच दिवशी. अर्थात बाजार उठेपर्यंत कचेरीला कुलूप लागलेले असते, तेव्हा दुपारीच गाठावी हे बरे.

समितीत मुख्याधिकारी किंवा आयुक्त अध्यक्ष असतात. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात मुंबईत या निवडणुकीचे मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले, कायदा आल्यावर दहा वर्षांनी. लहान नगरपालिकेत तर समिती आहे का, हीच चौकशी आधी करावी लागते.

एक अट मला खटकते. प्रमाणपत्र घेताना आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, अशी हमी द्यावी लागते. स्वतःच्या वावरातली मेथी-कोथिंबीर घेऊन आठवड्यातून एकदा बाजाराला येणाऱ्या शेतकरणीने ती कशी द्यावी? जमीन तिच्या नावावर नसेल, पण पोट शेतीवर आहे आणि बाजारावरही. कायदा करणाऱ्यांनी शहरातला फुटपाथ पाहिला, बाजारतळ पाहिला नाही, असे ही अट वाचून वाटते.

शिवाय हा कायदा महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि कटक मंडळ यांच्या हद्दीपुरता आहे. रेल्वेची जमीन त्यातून वगळली आहे आणि ग्रामपंचायतीचा त्यात समावेश नाही. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी बाई नगरपालिकेकडे या कायद्याने दाद मागू शकते. खेड्यातल्या बाजाराचा कारभार मात्र ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो. तिथे फी ठरवणारी आणि वसुलीचा ठेका देणारी ग्रामपंचायत, आणि जागेबद्दलची तक्रारही आधी तिच्याच दारात न्यायची. नंदुरबार, पालघर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात चित्र थोडे वेगळे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायती यांच्याकडे सोपवला आहे. तिथल्या विक्रेत्याने बाजाराचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लेखी अर्ज देऊन घ्यायला लावावा आणि झालेल्या ठरावाची नक्कल मागून घ्यावी.