संगणकाच्या भाषेची पहिली यत्ता



गेल्या जून महिन्यात शाळा नुकतीच उघडली असताना दहावीतला एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह शिक्षकांच्या खोलीत मला भेटावयास आला. वडील नाचारमच्या एका कारखान्यात कामाला आहेत. थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते म्हणाले, "बाई, ह्याला अमीरपेठेत संगणकाच्या क्लासला घालावे म्हणतो. वर्षभर थोडे थोडे करून पैसे बाजूला टाकले आहेत. भरून टाकू का?" मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला विचारले तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, माझे इंग्रजी कच्चे आहे. मला ते जमायचे नाही."

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकविते, पदवी कलाशाखेची. संगणकाविषयी मला विचारण्याचे कारण इतकेच, की तिशी उलटल्यावर मी हौसेने त्या वाटेला गेले आणि धडपडत का होईना थोडे शिकले, हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे. त्या पितापुत्रांना जे सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने लिहीत आहे. कारण हाच प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पडत असेल.

आपल्या तारनाक्याहून अमीरपेठ दूर नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून तर गाडी न बदलता तेथे पोहोचता येते. स्थानकाबाहेर पडून मैत्रीवनमच्या बाजूला वळले, की पाट्यांवर पाट्या, हातात जाहिरातीचे कागद कोंबणारी मुले, झेरॉक्सची दुकाने आणि वसतिगृहे. १९९८ साली माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, शहरात संगणकाच्या नोकऱ्या वाढत गेल्या, आणि तसतशी ही पेठही फुगत गेली. तेथे शिकून पोटाला लागलेली कितीतरी मुले आहेत. तेव्हा तिची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु तेथील क्लास बहुधा नोकरी शोधणाऱ्यांसाठी असतात. ज्याला अद्याप मुळाक्षरे गिरवावयाची आहेत त्याच्यासाठी नव्हेत. मीही अशाच एका क्लासची फी भरली होती. मोठ्या दालनात आम्ही दाटीवाटीने बसत असू. पुढे शिकविणारे गृहस्थ पडद्यावर भराभर लिहीत आणि आम्ही ते उतरवून घेत असू. तीन आठवड्यांनी माझी वही भरली होती, पण मनाने एक ओळ लिहिता येत नव्हती. फी परत मिळण्याची सोय नव्हती. पोहण्याचे पुस्तक पाठ करून विहिरीच्या काठावर उभे राहावे, तशी माझी अवस्था झाली.

ही भाषा म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या शाळेच्या व्हरांड्यातले भित्तिपत्रक डोळ्यांपुढे आणा. त्यात शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, चित्र कोठे, हे ठरवावे लागते. वेबपानावर हे काम 'एचटीएमएल' करते. अक्षरांचा रंग, आकार, कडेची वेलबुट्टी हे 'सीएसएस'चे काम. आता कल्पना करा, की त्या भित्तिपत्रकाशेजारी एक चुणचुणीत मुलगा उभा आहे. तुम्ही बोट ठेवाल तेथे तो उत्तर देतो, बेरीज करून दाखवितो, पान उलटतो. तो मुलगा म्हणजे 'जावास्क्रिप्ट'. पहिल्या दोहोंना मांडणीची चिन्हे म्हणावे. खरी आज्ञांची भाषा ही तिसरी.

वेबची मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली आणि १९९३ मध्ये ती संस्थेने सर्वांना विनामूल्य खुली केली. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभा केला. घाईच्या कामात राहतात तशा काही खोडी तिच्यात आजही आहेत. त्यांतली एक पुढे येईलच. प्रथम तिचे नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि त्या वेळी जावा या दुसऱ्या भाषेचा बोलबाला असल्याने अखेर जावास्क्रिप्ट. नावावरून फसू नका. माझी घरची भाषा कोकणी. तिचे आणि मराठीचे नाते सख्ख्या बहिणींचे आहे. जावा आणि जावास्क्रिप्ट यांचे नाते तेवढेही जवळचे नाही. पाट्यांवर दोन्ही नावे शेजारी असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता प्रारंभ कसा करावा? त्याला जवळजवळ काहीच लागत नाही. जुना संगणक चालतो. शाळेच्या संगणकखोलीतलाही चालतो. इंटरनेटही लागत नाही. विंडोजवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा आणि वरच्या ओळीतली एफ-१२ ही कळ दाबा. एक चौकट उघडेल. तिच्यात 'कन्सोल' असा भाग असतो. तेथे सात अधिक आठ लिहून एंटर दाबा. पंधरा हे उत्तर तत्काळ येईल. ही तुमची पाटी. पाटीवर हात बसला, की नोटपॅडमध्ये पान लिहावे, त्याच्या नावापुढे टिंब देऊन एचटीएमएल हे प्रत्यय लावून ते जतन करावे आणि ब्राउझरमध्ये उघडावे. पानाच्या आरंभी अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ आहे असे सांगणारी ओळ घालावयास विसरू नये; नाहीतर मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसण्याचा संभव असतो.

इंग्रजीच्या भीतीविषयी. या भाषेचे स्वतःचे राखीव शब्द सुमारे चाळीस आहेत. चाळीस! आपण हैदराबादकर मुले घरी मराठी, बाजारात तेलुगू, रिक्षात दखनी हिंदी बोलतो. त्यांपैकी कोणतीही भाषा चाळीस शब्दांत भागत नाही. शिवाय आपण ठेवलेली नावे इंग्रजीतच असली पाहिजेत, असा नियम नाही. बीजगणितात तुम्ही 'चल' शिकलात. येथेही चल असतो, आणि त्याला 'वर्गणी' असे देवनागरीत नाव दिले तरी यंत्र ते निमूटपणे स्वीकारते. मात्र 'वर्गणी'तला णी एकदा दीर्घ आणि एकदा ऱ्हस्व लिहिलात, तर ती दोन निराळी नावे ठरतात. शुद्धलेखनाचे इतके कडक परीक्षक मी दुसरे पाहिले नाहीत, आणि हे मी स्वतः मराठीच्या वह्या तपासणारी असून म्हणते!

आपल्या मुलांना खरी अडचण पडते ती निराळ्याच ठिकाणी. देवनागरीत अक्षराला थोरले रूप आणि धाकटे रूप नाही. रोमन लिपीत आहे, आणि यंत्र त्या दोहोंत भेद करते. आज्ञा अचूक लिहूनही एका अक्षराच्या थोरलेपणामुळे ती नाकारली जाते, आणि मराठी मुलाच्या डोळ्यांना चूक दिसतच नाही. दुसरी अडचण आकड्यांची. वर्गणी बरोबर वीस असे मी एकदा मराठी आकड्यांत लिहिले. यंत्राने साफ नकार दिला. नाव देवनागरीत चालते, पण गणिताचे आकडे इंग्रजीच हवेत. तिसरी तर गमतीचीच आहे. 'शाळा' या शब्दाची लांबी विचारून पाहा. आपण अक्षरे दोन मोजतो. उत्तर येते चार. श, त्याचा काना, ळ, त्याचा काना, अशी यंत्राची मोजणी असते. आमच्या बालवर्गातल्या फोडीपेक्षा ती फारशी निराळी नाही.

आता त्या मुलाची हकीकत. मी त्याच्या वडिलांना म्हटले, "पैसे तीन महिने असेच राहू द्या. त्याला रोज अर्धा तास द्या." आम्ही ठरविले, की गणेशोत्सवापर्यंत त्याने वर्गाच्या वर्गणीची बेरीज करणारे एक पान तयार करावयाचे. दोन चौकटी, त्यांत रक्कम भरावयाची, आणि खाली एक बटण. दोन आठवड्यांत पान झाले. त्याने एका चौकटीत वीस घातले, दुसरीत तीस, आणि बटण दाबले. खाली आकडा उमटला: २०३०.

तो इतका खट्टू झाला, की त्या दिवशी पुढे काही करीना. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, "बेरीज चुकली, की यंत्राने दुसरेच काही केले?" तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, याने दोन्ही जोडून लिहिले!" तसेच झाले होते. चौकटीत आपण जे टंकतो ते यंत्राच्या लेखी मजकूर असते, संख्या नव्हे. आणि अधिकचे चिन्ह मजकुरांमध्ये आले, की जावास्क्रिप्ट ते मजकूर एकापुढे एक चिकटवून टाकते. एकाच चिन्हाला दोन कामे, ही मघाशी म्हटलेली खोड. 'नंबर' या शब्दापुढील कंसात मजकूर घातला, की त्याची संख्या होते. त्याने तसे केले आणि पन्नास आले. माझ्या क्लासच्या वहीत हा नियम दोनदा लिहिलेला होता. मला तो कधी आठवला नाही. त्या मुलाला मात्र आता तो विसरता येणार नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते: चुकांची वही घाला. यंत्र चूक दाखविते तेव्हा लाल अक्षरांत एक इंग्रजी वाक्य आणि ओळीचा क्रमांक देते. मुले ते वाक्य न वाचताच सगळे पुसून टाकतात. पुसू नये. वाक्य वहीत उतरावे, खाली त्याचा अर्थ मराठीत लिहावा आणि आपण नेमके काय चुकलो होतो तेही लिहावे. 'हे नाव मला ठाऊक नाही', 'येथे हे चिन्ह अनपेक्षित आहे', 'ज्याला तुम्ही आज्ञा समजता ती आज्ञाच नव्हे' अशी पाचसात वाक्येच फिरून फिरून येतात. महिन्याभरात ती ओळखीची होतात. रागावणाऱ्या गुरुजींचे ठरावीक शब्द मुलांना पाठ होतात ना, तसेच.

शिकण्याची साधने पुष्कळ आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम चालू झाला. सुमारे दहादहा मिनिटांचे पाठ, आणि त्यांपैकी अनेकांना मराठीसह भारतीय भाषांतून आवाज दिलेला. मालिका निवडताना मराठी आवाज आहे की नाही, हे पाहून घ्यावे. त्यांची रीत मला फार पसंत पडली: पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ, उरलेल्या अर्ध्यात आपले काम, एक वाक्य ऐकावे, पाठ थांबवावा, करून पाहावे. इंग्रजी थोडे जमू लागले, की मोझिलाचे एमडीएन हे संदर्भस्थळ आणि २०१४ साली सुरू झालेले फ्रीकोडकॅम्प ही दोन्ही विनामूल्य आहेत. फ्रीकोडकॅम्पवर वाचण्यापेक्षा करणे अधिक, म्हणून नवशिक्याने तेथूनच निघावे. एमडीएन हा शब्दकोश समजावा, कोणी शब्दकोश पहिल्या पानापासून वाचीत नाही.

या पाठांत आज्ञेचा शब्द इंग्रजी ठेवून विवरण तेवढे मराठीत करतात. कित्येकांना हे अर्धवट वाटते. आपल्या शेजारच्या, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि त्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उघडून हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. त्या प्रयत्नाविषयी मला आदर आहे. परंतु नवशिक्या मुलाने शब्द घडवीत बसण्यापेक्षा 'फंक्शन'ला फंक्शनच म्हणावे आणि ते काय करते हे आपल्या भाषेत आईला समजावून सांगता येते का, ते पाहावे, असे माझे मत आहे.

हल्ली प्रश्न विचारला की तयार उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही निघाली आहेत. त्यांना लाल वाक्याचा अर्थ अवश्य विचारावा. सबंध पान लिहून मागणे म्हणजे मात्र गाइडातला निबंध उतरविणे होय. पहिल्या वर्षी तरी ते करू नये.

अमीरपेठेत जाऊच नये काय? जावे, पण आपल्या हाताने दोनतीन पाने करून झाल्यावर, आणि फी भरण्यापूर्वी एकदोन तास फुकट बसू देतात का ते विचारून. अनेक क्लास असे बसू देतात. तेव्हा मूल स्वतःच सांगू शकेल, की हे शिकविणे आपल्याला मानवते की नाही.

गणेशोत्सवात त्या पानावर खरोखरच वर्गाचा हिशेब झाला. वडिलांचे पैसे अद्याप बँकेत आहेत. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा पुन्हा आला, तो एक निराळीच गोष्ट घेऊन. बेरीज इंग्रजी आकड्यांत दिसते, हे त्याच्या आजीला आवडले नव्हते. शोधता शोधता त्याला सापडले, की 'टू लोकेल स्ट्रिंग' ही आज्ञा देऊन कंसात मराठीचे सांकेतिक चिन्ह लिहिले, की यंत्र आकडे देवनागरीत छापून देते. त्याने बटण दाबले. खाली ५० असे ठसठशीत उमटले. ती आज्ञा मला ठाऊक नव्हती. मी त्याच्याकडून ती वहीत उतरवून घेतली.